श्रीलंका : ज्या बेटाने आश्रय दिला

रामेश्वरच्या पुढे धनुष्कोडीच्या वाळूवर उभे राहिले, की श्रीलंकेचा किनारा अवघ्या तीस-एक किलोमीटरांवर असतो. इतक्या जवळचा हा शेजारी, पण रामायणातील लंका, क्रिकेटचा संघ आणि चहाचा डबा यांपलीकडे आपल्याला तो फारसा ठाऊक नसतो. अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही सुट्टीत तेथे जाऊ लागली आहेत. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया पाहून, समुद्रकिनारी छायाचित्रे काढून ती परततात. मात्र ज्या भूमीवर आपण हिंडलो तिचे आपल्यावर एक जुने ऋण आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्या ऋणाची आठवण करून देण्यासाठी हा लेखप्रपंच.

तलावांचे राज्य

क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे हे बेट. येथील बहुसंख्याकांची सिंहली भाषा दूरच्या नात्याने आपल्या मराठीची बहीण लागते. गावाला ती 'गम' म्हणते, कानाला 'कन', दाताला 'दत'. उत्तरेत व पूर्वेत प्रामुख्याने तामिळ बोलली जाते. लोकसंख्येत सुमारे सत्तर टक्के बौद्ध आहेत. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती हे उरलेले. ख्रिस्ती लोकांत कॅथॉलिकांचीच संख्या मोठी आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचा पुत्र महिंद याने येथे बुद्धाचा उपदेश आणला, आणि कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी आणली, असे महावंस हा पाली ग्रंथ सांगतो. अनुराधपुरात तो वृक्ष आजही पूजिला जातो. हे नगर हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी होते. येथील भव्य स्तूप पाहून प्रवासी थक्क होतो. तथापि या संस्कृतीचा खरा आधार होता पाणी. कोरड्या प्रदेशात राजांनी हजारो तलाव बांधले. पाचव्या शतकात धातुसेन राजाच्या काळी कलावेव तलावातून राजधानीकडे जो कालवा नेला, त्याचा आरंभीचा उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर आहे!

याच धातुसेनाची एक करुण कथा आहे. पुत्र कश्यप याने सिंहासन बळकावले आणि लपवलेला खजिना दाखव म्हणून पित्याचा पिच्छा पुरवला. वृद्ध राजा त्याला कलावेवच्या काठी घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतले आणि हीच माझी सारी संपत्ती असे म्हणाला. पुत्राने त्याला ठार केले. पुढे भयापोटी त्याने सिगिरियाच्या प्रचंड खडकावर राजवाडा उभारला. तेथील भित्तिचित्रे पाहण्यासाठी आज जगभरातून लोक येतात. चढताना त्यांनी त्या पित्याचेही स्मरण करावे.

आले देऊन मिरची

१५०५ मध्ये पोर्तुगीज आले. दालचिनीचा व्यापार त्यांना हवा होता. त्यांच्याबरोबर धर्मगुरूही आले. किनाऱ्यावर ख्रिस्तसभा रुजली आणि पेरेरा, फर्नांडो, सिल्वा ही आपल्या वसईकरांना परिचित वाटणारी आडनावेही रुजली. मात्र सत्य झाकून ठेवू नये. याच पोर्तुगीजांनी १६२२ मध्ये त्रिंकोमालीचे कोणेश्वराचे प्राचीन मंदिर पाडले आणि त्याचे दगड किल्ल्याच्या बांधकामाला लावले. क्रूसाच्या छायेत घडलेल्या या कृत्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

पोर्तुगीजांना घालवण्यासाठी कँडीचा राजा राजसिंह दुसरा याने १६३८ मध्ये डचांशी करार केला. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो, १६५८ मध्ये जाफना जिंकले आणि ते स्वतःच ठाण मांडून बसले. 'आले देऊन मिरची घेतली', अशी सिंहली म्हणच पडली आहे. कॅल्व्हिनपंथी डचांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना हाकलले, मिस्साबलिदानावर बंदी घातली. परंपरा सांगते, की १६७० च्या सुमारास काही कुटुंबे पवित्र मरियेची मूर्ती घेऊन रानात पळाली. तेच आजचे मडूचे तीर्थक्षेत्र.

गोमंतकीय धर्मगुरू आणि बौद्ध राजा

या मेंढपाळहीन कळपाची वार्ता गोव्यातील एका धर्मगुरूच्या कानी गेली. १६५१ मध्ये बाणावली येथे जन्मलेले फादर जुझे वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, आजारी अवस्थेत जाफन्याला उतरले. दिवसा लपून, रात्री गुप्तपणे ते श्रद्धावंतांना संस्कार देऊ लागले. १६९२ मध्ये ते कँडीस पोचले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर या संशयावरून त्यांना कैद झाली. परंतु त्यांचे साधे, तपस्वी जीवन पाहून राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचे मन पालटले आणि त्याने त्यांना मुक्तपणे कार्य करू दिले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. घरचे लोकही रुग्णांना टाकून पळत असताना फादर वाझ धर्माचा विचार न करता त्यांची शुश्रूषा करीत राहिले.

हा राजा स्वतः निष्ठावंत बौद्ध होता. क्षीण झालेली भिक्षुदीक्षेची परंपरा पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्याने आराकानहून भिक्षू आणवले होते. किनाऱ्यावर ख्रिस्ती सत्ता ख्रिस्ती माणसांचा छळ करीत होती, आणि डोंगरात बौद्ध राजाच्या छत्राखाली मिस्साबलिदान निर्भयपणे होत होते! प्रारंभी म्हटलेले ऋण ते हेच. दिवाडी बेटावर जन्मलेले फादर जाकोम गोन्साल्विस यांनी पुढे याच आश्रयाने सिंहली व तामिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. फादर वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे निवर्तले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

जखमा

१८१५ मध्ये कँडीही इंग्रजांच्या हाती गेली. कॉफीवर रोग पडल्यावर डोंगरांवर चहा आला आणि मळ्यांत राबण्यासाठी तामिळनाडूतील गरीब माणसे आणली गेली. १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर यांपैकी लाखो मजूर नागरिकत्वाला मुकले. १९५६ मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. भाषेची कटुता वाढत गेली आणि १९८३ पासून २००९ पर्यंत देश यादवीत होरपळला.

या काळात ज्या बेटाने आश्रय दिला त्याच बेटावर कोणाचेही आश्रयस्थान सुरक्षित राहिले नाही. १९८१ मध्येच जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७,००० ग्रंथांची राख झाली. १९९० मध्ये कट्टनकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातू मंदिरावर स्फोट झाला, १९९९ मध्ये मडूच्या मंदिरावर तोफगोळे पडले आणि तेथे आसरा घेतलेली माणसे मेली. युद्ध संपून दहा वर्षे लोटल्यावर, २१ एप्रिल २०१९ च्या पुनरुत्थान रविवारी, कोलंबो व नेगोंबो येथील चर्चमध्ये मिस्साला जमलेले भाविक बॉम्बस्फोटांना बळी पडले. त्या दिवशी देशभरात अडीचशेहून अधिक जीव गेले.

जाणाऱ्यांसाठी

युनेस्कोच्या यादीत या लहान देशाची आठ स्थळे आहेत. वसईचा किल्ला पाहिलेल्यांनी गॉलचा डच किल्ला अवश्य पाहावा. तेथे तटाच्या आत अजून वस्ती नांदते आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीची एसला पेरहेरा, म्हणजे सजवलेल्या हत्तींची मिरवणूक, निघते. ऑगस्टच्या मध्यास मडूला यात्रा भरते. तेथे सिंहली आणि तामिळ भाविक एकत्र येतात.

आणि शक्य झाल्यास श्रीपाद शिखर चढावे. माथ्यावरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाची म्हणतात, हिंदू शिवाची, मुसलमान आदमाची. काही ख्रिस्ती लोक संत थॉमसची मानतात. पायऱ्या मात्र सर्वांना त्याच. अंधारात चढताना पुढच्याचा धर्म दिसत नाही, त्याच्या हातातील दिवा तेवढा दिसतो. कँडीच्या राजाला एका परक्या कैद्याच्या ठायी असाच दिवा दिसला असावा. आपल्या शेजारच्या घरातला दिवा आपल्याला दिसतो का, हा प्रश्न घेऊन परतलो, तर ती सहल तीर्थयात्रा ठरेल.