मुंगी-शेवगावचा तह आणि एक तळटीप

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना आपल्या तालुक्याचं नाव पाठ करावंच लागतं. मुंगी-शेवगावचा तह, ६ मार्च १७२८. बाजीरावानं निजामाला वैजापूरकडच्या पालखेडला कोंडीत पकडलं, दाणापाणी तोडलं. मग गोदाकाठी, आपल्या मुंगीत, निजामानं कागदावर कबूल केलं की दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी छत्रपती शाहूंची. कोल्हापूरच्या संभाजीराजांची बाजू त्याला सोडावी लागली.

एवढी मोठी गोष्ट आपल्या शिवारात घडली. पण तिच्यावर तालुक्यातल्या माणसानं लिहायला घेतलं की गाडी कुठं अडते ते सांगतो. आपल्याकडं इतिहासाचं वेड असलेली माणसं कमी नाहीत. शिक्षक आहेत, रिटायर झालेले तलाठी आहेत, देवळांचे फोटो काढत फिरणारी पोरं आहेत. वह्या भरलेल्या असतात. कुणी हिय्या करून संशोधन पत्रिकेला लेख पाठवतो आणि महिन्याभरानं उत्तर येतं, 'संदर्भ अपुरे, नियमानुसार मांडणी करून पुन्हा पाठवावे.' झालं. 'त्यांना फॉन्ट आणि टीपा महत्त्वाच्या, इतिहास नाही,' म्हणत वही परत ट्रंकेत जाते.

राग समजण्यासारखा आहे. पण हे नियम आले कुठून, ते बघा.

ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला १८२६ साली. पुढची चाळीसेक वर्षं तोच प्रमाण. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं त्यावर जाहीर टीका केली. पण नुसत्या टीकेनं इतिहास बदलत नाही, त्याला कागद लागतो. १८७८ मध्ये पुण्यात साने आणि मोडक यांनी 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढलं आणि जुन्या बखरी, पत्रं छापायला सुरुवात केली. १८९८ मध्ये राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. असे २२ खंड झाले. हा माणूस गावोगाव पायपीट करत लोकांच्या माळ्यावरचे रुमाल सोडत हिंडला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यातही राजवाडे होते.

या लोकांनी घालून दिलेली शिस्त सोपी होती. प्रत्येक कागदाला लेखांक. कागद कुणाच्या दफ्तरातला, कुठल्या गावचा, ते वर लिहायचं. मूळ शब्द जसेच्या तसे, शुद्धलेखन 'सुधारायचं' नाही. फाटलेल्या जागी टिंबं, मनानं भर नाही. आपलं मत वेगळं, कागद वेगळा. आज पत्रिका जे मागतात, त्याचं मूळ इथं आहे.

याचा फायदा काय झाला? शिवजयंतीचंच घ्या. आधी बरेच जण शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा धरत. लोकमान्य टिळकांना कारीच्या जेधे देशमुखांकडून एक शकावली मिळाली, ती १९१६ मध्ये मंडळातर्फे छापली गेली. तिच्यात नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. नोंद छापलेली, मूळ घर माहीत, म्हणून पुढच्या अभ्यासकांना ती शिवभारताशी आणि इतर साधनांशी ताडून बघता आली. वाद अनेक दशकं चालला. शेवटी २००१ मध्ये राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ती शकावली 'आमच्याकडं एक जुना कागद आहे' एवढ्यावरच राहिली असती, तर कुणी विचारलं असतं का?

आता आपल्या तहाकडं या. त्या काळच्या मराठी कागदावर साल असं येतं: 'समान अशरीन मया व अलफ'. आठ, वीस, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन ११२८. हे साल मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढं ६००. मार्चसाठी ११२८ अधिक ६००, बरोबर १७२८. पण तारखेचं काय? इंग्रज १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत होते, नव्याशी ११ दिवसांचा फरक. मार्चमध्ये पाडव्याच्या आसपासची तारीख असली, तर एवढ्या फरकानं शकाचा आकडाही एकानं मागंपुढं होऊ शकतो. म्हणून संपादक विचारतो, तारीख कुठल्या कॅलेंडरची, कुठली जंत्री वापरली? पालखेड कुठलं, हेही लिहावं लागतं, कारण धरणाचं पालखेड नाशिक जिल्ह्यात आहे. या प्रश्नांत खोडी काही नाही. उद्या मुंबईचा किंवा लंडनचा अभ्यासक आपला लेख वाचील, तेव्हा त्याला शेवगावला न येता पडताळता आलं पाहिजे. तळटीप म्हणजे त्याच्यासाठी लिहिलेला पत्ता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट अर्धीच. नोकरी आणि बढतीसाठी पेपरांचे गुण मोजायला लागल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचं पीक आलं. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच यादीतून ४,३०५ पत्रिका काढून टाकाव्या लागल्या. मग 'केअर' यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पत्रिका पारखायची जबाबदारी तुमची आमची. आठ दिवसांत छापून देतो, आधी फी भरा, असं कुणी म्हणालं की समजून जा. असल्या ठिकाणी मांडणीचे नियम कुणी विचारत नाही, कारण वाचायचंच नसतं. परत आलेला लेख निदान कुणीतरी वाचलेला असतो.

ज्यांना लेख पाठवायचाय त्यांच्यासाठी थोडकं:

१. पत्रिकेचा एक जुना अंक आधी वाचा. टीपा, नावं, तारखा त्यात कशा लिहिल्यात, तसंच लिहा.

२. टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळा चिवडा होतो, तळटिपांचे आकडेसुद्धा जागा सोडतात.

३. मोडी कागद असेल तर मूळ कागदाचा स्वच्छ फोटो, त्याखाली अक्षरशः लिप्यंतर, आणि मग तुमचा अर्थ. तिन्ही वेगळं.

४. बरेच ठिकाणी परीक्षकाला लेखकाचं नाव कळू देत नाहीत. तिथं नाव-पत्ता वेगळ्या पानावर द्या आणि मजकुरात 'माझ्या अमुक पुस्तकात' असं लिहू नका.

५. म्हाताऱ्या माणसानं सांगितलेली गोष्ट जरूर लिहा. पण कुणी, कधी, कुठं सांगितली त्याच्यासह, आणि 'सांगितलेली' म्हणूनच.

६. मूळ कागद टपालानं पाठवू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका.

मोडी वाचणारी पिढी चाललीय. वाटण्या होतात, जुने वाडे पडतात आणि रुमाल रद्दीत जातात. मुंगीला, घोटणला, बोधेगावला, कुणाच्या माळ्यावर काय पडलंय ते त्या घरालाही ठाऊक नसतं. राजवाडे आता येणार नाहीत. त्या कागदाला लेखांक, गाव, घर आणि तारीख देऊन नीट मांडणारं माणूस आपल्यातूनच निघावं लागेल.

तुमच्या घरी असा रुमाल असेल तर विकू नका, जाळू नका. आधी फोटो काढा आणि कागद कुणाकडून कुणाकडं आला तेवढं वहीत लिहून ठेवा. बाकीचं मिळून बघू.