नखं, रुमाल आणि हंटर आयोग

नखं कापली का, दात घासले का, रुमाल आणला का? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना सकाळची ही तपासणी ठाऊक आहे. ती कुठून आली आणि तिचं काय झालं, हे आज आपण पाहू.

मागं जात गेलो की आपण १९ ऑक्टोबर १८८२ पाशी पोचतो. जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनावर ही तारीख आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची यादीच त्यात आहे : मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्यावरचे काही सोपे धडे. शेवटचे दोन विषय वाचताना आपण सहज ओलांडून जातो. पण ते शेतीला लागून आलेत, हे बघा. आरोग्य म्हणजे पोराला दटावणं नव्हे. शेतकऱ्याच्या पोराला जगायला लागणारी ती विद्या, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

आता गोरेगाव. सेनगाव तालुक्यातलं हे गाव हंटर आयोगाच्या कक्षेत नव्हतंच, ते निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ चा. म्हणजे पुण्यात मागितलेला धडा इथल्या मुलांच्या दप्तरात यायला किती पिढ्या गेल्या, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

मधल्या काळात दोन प्रयोग झाले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीनं नई तालीमच्या अभ्यासक्रमात आरोग्य आणि समाजजीवन आणलं. दुसरा प्रयोग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबाडला. तिथं मुलांना ‘आंघोळ केलीस का?’ असं विचारत बसले नाहीत, शाळेतच आंघोळ घातली. फरक एवढाच, पण फार मोठा. घरी पाणीच नसलेल्या पोराला रांगेत उभं करून नखं बघणं ही शिकवण नाही, ती अब्रू घेणं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांच्या लेकरांना हे वेगळं सांगायला नको.

पुढं १९९७ च्या सुमारास मूल्यशिक्षण परिपाठात आलं. शरीराबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा मात्र आपण कच खाल्ली : २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि वरच्या वर्गांसाठीचं लैंगिक शिक्षण राज्यानं थांबवलं. पॉक्सो कायदा २०१२ चा. चांगला आणि वाईट स्पर्श लहान वर्गांत सांगायला हवा, हे बोलणं त्यानंतर वाढलं. पण सांगणार कोण? मूल ज्याला घाबरतं त्या मास्तरला ते काही सांगणार नाही.

फुल्यांनी याचाही विचार केला होता. शिक्षक बहुतांशी शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे असावेत, पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ किंवा २० असावा, असं ते लिहितात. शिवाय गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल अशी कामंही त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल. विहिरीचं पाणी घाण आहे, हे असा मास्तर पोरांना सांगू शकला असता आणि पाटलालाही.