उद्यानातील रात्र आणि तीन ध्वनिमुद्रिका

इतिहास केवळ राजांच्या तहांत आणि लढायांच्या तारखांत असतो असे नाही. कधी कधी तो पंचवीस मिनिटांच्या एखाद्या संगीतरचनेतही वस्ती करून असतो. मानुएल दे फाया या स्पॅनिश संगीतकारांची ‘स्पेनच्या उद्यानांतील रात्री’ ही पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली कृती आम्ही गेली अनेक वर्षे ध्वनिमुद्रिकांवरून ऐकत आलो आहोत. तिच्यात आम्हांला जो इतिहास ऐकू आला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

फाया यांचा जन्म १८७६ साली कादिस या बंदरात झाला. १९०७ ते १९१४ ही वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये काढली आणि तिथेच या रचनेचा आरंभ झाला. प्रथम ती एकट्या पियानोसाठी योजलेली होती. पुढे तिला वाद्यवृंदाची जोड मिळाली, १९१५ साली ती पूर्ण झाली आणि ९ एप्रिल १९१६ रोजी माद्रिदच्या राजेशाही नाट्यगृहात खोसे कुबिलेस यांनी ती प्रथम वाजविली. तिचे भाग तीन. पहिला ग्रानादा येथील हेनेरालिफे उद्यानाचा, दुसरा दुरून ऐकू येणाऱ्या नृत्याचा आणि तिसरा कोर्दोबाच्या डोंगरातील बागांचा. दुसरा भाग न थांबता तिसऱ्यात मिसळतो.

अशा रचनांत पियानो बहुधा वरातीतल्या नवरदेवासारखा मिरवतो. इथे तसे नाही. फाया यांनी हिला ‘काँचेर्तो’ म्हटलेच नाही. ‘सिंफनीच्या धर्तीची भावचित्रे’ असे म्हटले. आरंभी व्हायोला आणि हार्प कुजबुजल्यासारखे बोलू लागतात आणि पियानो नंतर हलकेच त्यांच्यात येऊन मिळतो. कारंज्याचे तुषार उडावेत तसे त्याचे स्वर उडतात आणि पुन्हा सर्वांत विरून जातात. चांगल्या गायकवृंदातील जाणता गायक जसा आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळू देतो, तशी ही रीत आहे.

आता त्या उद्यानाकडे वळू. हेनेरालिफे हे ग्रानादाच्या मुसलमान सुलतानांचे विश्रामस्थान. २ जानेवारी १४९२ रोजी राजा फर्नांदो आणि राणी इसाबेल यांच्या हाती ते नगर आले. मुसलमानांना त्यांचा धर्म पाळू देण्याचे वचन तहात होते. दहा वर्षांच्या आत ते मोडले गेले. त्याच वर्षी ३१ मार्चला याच ग्रानादातून यहुद्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. बाप्तिस्मा घ्या, नाही तर देश सोडा! हे सारे ख्रिस्ताचे नाव घेऊन झाले, हे आम्ही ख्रिस्ती माणसांनी मान खाली घालून कबूल केले पाहिजे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात इस्राएलच्या प्रजेविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली, ती आम्हां सर्वांच्या वतीने.

फाया स्वतः निष्ठावंत कॅथॉलिक होते. आपल्या हार्पसिकॉर्डच्या काँचेर्तोतील संथ भागाखाली त्यांनी १९२६ सालच्या ख्रिस्तशरीराच्या सणाची नोंद केली आहे. तरीही दक्षिण स्पेनच्या ‘कांते होंदो’ या गायकीचा शोध घेताना त्यांनी १९२२ साली तिचे तीन झरे सांगितले: प्राचीन ख्रिस्तसभेचे बायझंटाइन गान, अरबांचे संगीत आणि भटक्या हितानो लोकांचे गाणे. तलवारीने जे वेगळे केले, ते गळ्याने एकत्र राखले होते. ‘रात्रीं’च्या तिसऱ्या भागात पियानो हीच गायकी आळवतो.

आता ध्वनिमुद्रिकांविषयी. आर्थर रुबिनस्टाइन यांनी १९५७ साली सान फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदासह, एन्रिके खोर्दा यांच्या संचालनाखाली जी मुद्रिका केली, तिच्यात पियानो तेजस्वी आहे. रात्र जणू दिव्यांनी उजळलेली. बार्सेलोनाच्या आलिसिया दे लारोचा (१९२३–२००९) यांनी १९८३ मध्ये लंडन फिलहार्मोनिक आणि राफाएल फ्रूबेक दे बुर्गोस यांच्यासह केलेली मुद्रिका नवख्याने प्रथम ऐकावी. उंचीने ठेंगण्या, हात लहान; पण नृत्याचा ठेका त्यांच्या बोटांत उपजत होता. त्याच मुद्रिकेवर आल्बेनिस आणि तुरिना यांच्या ‘राप्सोदिया’ही आहेत.

तिसरी मुद्रिका आम्ही क्वचितच लावतो. ऑक्टोबर १९६० मध्ये पॅरिसला, इगोर मार्केविच यांच्या संचालनाखाली, लामूरो वाद्यवृंदासह क्लारा हास्किल यांनी ती केली. हास्किल यांचा जन्म बुखारेस्टमधील सेफार्दी यहुदी कुटुंबातला. सेफार्दी म्हणजे ज्यांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालमधून घालवून दिले गेले ते यहुदी. पाठीच्या कण्याचा विकार आयुष्यभर सोसलेल्या या बाईंना १९४२ साली नाझींच्या भयाने फ्रान्स सोडून स्वित्झर्लंड गाठावे लागले. ज्या नगरातून तो हुकूम निघाला, त्याच नगराच्या बागेचे गाणे त्या इथे वाजवितात, कुठेही आवाज न चढविता. पुढे ब्रसेल्सच्या रेल्वे स्थानकावर पडून त्या जखमी झाल्या आणि ७ डिसेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

फाया यांनाही देश सोडावा लागला. ऑगस्ट १९३६ मध्ये यादवी युद्धात त्यांचे कवी मित्र फेदेरिको गार्सिया लोर्का पकडले गेले. प्रकृतीने खंगलेले फाया त्यांच्या सुटकेची रदबदली करण्यास गेले. पण फार उशीर झाला होता. १९३९ साली ते अर्जेंटिनाला गेले आणि १९४६ मध्ये तिथेच वारले. त्यांचे दफन मात्र कादिसच्या कॅथेड्रलमध्ये झाले.

वाचकहो, संध्याकाळची रोझरी आटोपल्यावर, घर निवांत झाले की ही रचना एकदा अवश्य ऐका. पहिल्यांदा पियानोचा माग काढा. दुसऱ्यांदा त्याला विसरून सर्वांना मिळून ऐका. अखेरचे स्वर मंद होत होत थांबतात. तेव्हा लगेच उठू नका; ज्यांना त्या बागेतून घालवून दिले गेले, त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणा.