नेम आणि उपक्रम : पालखीच्या वाटेवरची सावली

हवामान बदलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : माझ्या एकट्यानं काय होणार? तत्त्वज्ञानात यावर पुष्कळ काथ्याकूट झालाय. आज आपण उत्तर बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर शोधू.

तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आजही ती पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत पंढरीला जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात. याचा आदेश कुणी काढलेला नाही. एकदा माळ घातली की एकादशी आणि वारी चुकवायची नाही, हा नेम. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, तेव्हा पादुका एसटीनं गेल्या. नेम मोडला नाही. दुसराही नेम पाळणार ही खात्री असते, म्हणून ‘मी एकटा’ हा प्रश्न वारीत पडत नाही.

आता पाहा, पेरणी उरकून वारीला निघायचं ही शेतकऱ्याची जुनी रीत. मृग कोरडा गेला की तीच विस्कटते. हवामानाचा प्रश्न वारकऱ्याला बाहेरून येऊन समजावण्याची गरज नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं नव्हे. ‘पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी’सारखं प्रबोधन झालं, ‘निर्मल वारी’त फिरती शौचालयं आली, २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गाच्या कामाचं भूमिपूजन झालं. रस्ता रुंद झाला; कडेची जुनी झाडं मात्र गेली. म्हणजे सावली गेली, आणि तीही पायी चालणाऱ्यांची.

नवी रोपं लावता येतील. पण लावणं हा उपक्रम, जगवणं हा नेम. आषाढात लावलेल्या रोपाची परीक्षा वैशाखात होते. तेव्हा वारकरी आपल्या गावी असतो. मुक्कामाचं गाव मात्र तिथंच असतं. दिंड्यांचे उतरण्याचे ठिकाण, अन्नदान करणारी घरं अनेकदा पिढ्यान्‌पिढ्या तीच. मग हे नातं झाडांपर्यंत का नेऊ नये? गावानं पाणी घालावं. दिंडीनं पुढच्या आषाढात विचारावं, ‘गेल्या वर्षीचं झाड दाखवा.’ अधिकारी बदलून जातो, कंत्राट संपतं. दिंडी मात्र परत येते. सामूहिक कृतीला लागते ती हीच गोष्ट : दर वर्षी परत येऊन हिशेब विचारणारं माणूस.