डेल्फीचा सारथी

दगडाच्या मूर्तीपेक्षा काशाची मूर्ती अधिक टिकावी, असे आपणास वाटते. इतिहासात घडले ते उलटे. फुटक्या दगडाला कोण विचारतो? काशाला मात्र मोडीचा भाव येतो! त्या मोडीपायी प्राचीन ग्रीकांच्या असंख्य मूर्ती भट्टीत गेल्या. मग डेल्फीचा सारथी तेवढा कसा वाचला?

डेल्फी हे ग्रीसमधील अपोलो देवाचे क्षेत्र. दर चार वर्षांनी तेथे खेळ भरत. ख्रिस्तपूर्व ४७५ च्या सुमारास, सिसिली बेटावरील राजघराण्यातल्या पॉलिझॅलसने रथशर्यतीच्या विजयाप्रीत्यर्थ घोडे, रथ आणि सारथी असा काशाचा देखावा देवाला वाहिला. पुढे ख्रिस्तपूर्व ३७३ मध्ये भूकंप झाला, कडे कोसळले, आणि तो सारा देखावा ढिगाऱ्याखाली गाडला गेला. पाहणाऱ्यांनी हळहळून म्हटले असेल, ‘संपले सारे!’

पण दैवगती पाहा. ज्या मूर्ती उभ्या राहिल्या, त्यांच्यावरच पुढे संकट आले. रोमचा बादशहा नीरो याने डेल्फीहून पाचशे मूर्ती उचलून नेल्या, असे दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस लिहितो. सारथी मात्र मातीच्या कुशीत निर्धास्त होता. त्याच भूमीवर कालांतराने कास्त्री नावाचे गाव वसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते गाव दुसरीकडे हलवून फ्रेंच संशोधकांनी उत्खनन केले, आणि १८९६ साली सारथी पुन्हा उजेडात आला.

घोड्यांचे व रथाचे तुकडेच उरले आहेत. सारथ्याचा डावा हातही नाही. उजव्या हातात लगाम आहेत, डोळ्यांत अजून पाणी आहे, बारीक पापण्यासुद्धा शाबूत आहेत. शर्यत जिंकूनही चेहऱ्यावर गर्वाचा लवलेश नाही.

मला मात्र त्याची पावले अधिक मोलाची वाटतात. रथात उभ्या असलेल्या सारथ्याची पावले खालून कोणाला दिसणार? तरीही त्या कारागिराने प्रत्येक बोट, प्रत्येक नख मन लावून घडविले. मूर्ती वाहणाऱ्याचे नाव चौथऱ्यावर कोरलेले सापडले; कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण ज्या पावलांकडे कोणी पाहणार नव्हते, त्यांच्यापुढे आज डेल्फीच्या संग्रहालयात देशोदेशीचे लोक थबकून उभे राहतात.