चेन गाइड म्हणजे काय? कमी बजेटमध्ये माउंटन बाइकसाठी योग्य चेन गाइड कसा निवडायचा?

उतारावर सायकलची चेन पडली की काय होतं, हे एकदा अनुभवलं की माणूस विसरत नाही. मागच्या वर्षी टेकडीवरच्या एका दगडी वाटेने मी उतरत होतो. पुढे छोटा चढ आला म्हणून जोरात पायडल मारलं आणि पाय थेट हवेत गेल्यासारखा खाली गेला. चेन आधीच्या धक्क्यांमध्ये कधीतरी पडली होती. मी हँडलवर आदळलो आणि मनगट दोन आठवडे सुजलेलं होतं.

घरी आल्या आल्या ऑनलाइन सर्वात स्वस्त चेन गाइड मागवला. तो माझ्या फ्रेमला बसलाच नाही! पैसे वाया गेले, पण त्यातून जे शिकलो ते आज सांगतो. चेन गाइड घेताना आधी आपली फ्रेम बघायची आणि किंमत नंतर.

चेन गाइड नक्की काय करतो?

क्रँकला जोडलेली पुढची दातेरी चकती म्हणजे चेनरिंग. खडबडीत रस्त्यावर चेन वर-खाली आणि डावी-उजवीकडे उसळते आणि दातांवरून सुटते. चेन गाइड म्हणजे चेनरिंगच्या वरच्या बाजूला, चेन दातांवर चढते तिथे बसवलेला छोटा पिंजरा. त्याच्या दोन भिंतींमधून चेन जाते, त्यामुळे ती बाजूला सरकू शकत नाही. नेहमीच्या चालवण्यात चेन त्याला घासत नाही, उसळली तरच तो अडवतो.

काही गाइडना खाली छोटी चाकं असतात, काहींना चेनरिंग दगडावर आपटू नये म्हणून बॅश गार्ड असतो. डाउनहिल रेसिंगसाठी ते ठीक आहे. टेकडीवर आणि साध्या ट्रेलवर फिरणाऱ्यांना फक्त वरचा गाइड पुरतो. तो हलका असतो, स्वस्त असतो आणि त्यात चिखलही कमी अडकतो.

तुम्हाला तो खरंच हवा आहे का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथला नियम असा, की बग कुठे आहे ते कळल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. इथेही तेच करा.

१. पुढे दोन किंवा तीन चेनरिंग असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कमी किमतीच्या माउंटन बाइकना ३x७ गिअर असतात. तिथे पुढचा डिरेल्युअरच चेन हलवतो आणि धरूनही ठेवतो. चेन पडत असेल तर त्याचे लिमिट स्क्रू नीट करून घ्या. चेन गाइड पुढे एकच चेनरिंग असलेल्या, म्हणजे १x सायकलसाठी असतो.

२. चेनरिंगचे दात बघा. एक दात जाड, एक बारीक असे आलटून पालटून असतील तर ती नॅरो-वाइड चेनरिंग. हे दात चेनच्या रुंद-अरुंद खाचांमध्ये घट्ट बसतात. स्रॅमने २०१२ मध्ये एक्सएक्स१ हा गिअर-संच आणला, तेव्हापासून ही पद्धत रुळली. तुमच्या चेनरिंगचे सगळे दात सारखेच असतील, तर पहिला खर्च नॅरो-वाइड चेनरिंगवर करा. मात्र स्वस्त क्रँकवर चेनरिंग रिव्हेटने पक्की केलेली असते. ती बदलता येत नाही, पूर्ण क्रँक बदलावा लागतो.

३. मागच्या डिरेल्युअरला क्लच आहे का? क्लचमुळे त्याचा खालचा हात धक्क्याने पुढे झुलत नाही आणि चेन ताणलेली राहते. शिमानोच्या क्लच असलेल्या डिरेल्युअरवर बहुधा चालू-बंद करायची छोटी कळ असते. ती बंद राहिलेली नाही ना, हे आधी बघा. हा उपाय फुकटात होतो!

४. चेन लांब किंवा झिजलेली आहे का? मागे सर्वात छोट्या चकतीवर टाकल्यावर चेन खाली लोंबत असेल, तर ती लांब आहे. झीज मोजायला स्टीलची पट्टी घ्या. नव्या चेनमध्ये एका पिनपासून २४ व्या पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. त्यात १/१६ इंच वाढ दिसली की चेन बदलायची वेळ आली.

आणखी एक युक्ती. मित्राला मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगा आणि खडबडीत जागेवरून सायकल न्या. चेन खालून किती झुलते आणि कुठल्या बाजूला पडते, ते स्पष्ट दिसतं.

हे सगळं ठीक असूनही चेन पडतेय? मग चेन गाइड घ्या.

फ्रेमला कुठला गाइड बसेल?

माझी चूक इथेच झाली होती. खाली चार प्रकार दिले आहेत. क्रँकजवळचा फोटो काढा, झूम करा आणि ताडून बघा.

आयएससीजी: क्रँकचा दांडा ज्या नळीतून जातो त्या बॉटम ब्रॅकेटभोवती, चेनच्या बाजूला, बोल्टसाठी तीन कान असतात. ही सर्वात भक्कम जागा. यात ०३ आणि ०५ असे दोन प्रकार आहेत आणि ०५ मध्ये कान जास्त लांब अंतरावर असतात. एकाचा गाइड दुसऱ्याला बसत नाही. गेल्या काही वर्षांतल्या फ्रेमवर बहुतेक ०५ च दिसतो. मी मागवलेला गाइड याच प्रकारचा होता आणि माझ्या फ्रेमला कानच नव्हते.

बॉटम ब्रॅकेट माउंट: गाइडची प्लेट फ्रेम आणि बॉटम ब्रॅकेटचा कप यांच्यामध्ये दाबून बसते. बाहेर कप असलेला, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असेल तरच हे जमतं. बसवताना त्या बाजूची २.५ मिमीची एक चकती काढावी लागते. दाबून बसवलेल्या प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेटला हा प्रकार चालत नाही.

सीट ट्यूब क्लॅम्प: सीटखालच्या नळीवर पट्ट्यासारखा आवळायचा गाइड. सर्वात स्वस्त आणि सोपा. नळी तिथे गोल हवी आणि जागा मोकळी हवी. फुल सस्पेन्शन सायकलमध्ये ही जागा अनेकदा अडलेली असते.

डायरेक्ट माउंट: पुढचा डिरेल्युअर बसवण्यासाठी फ्रेमवरच बोल्टची भोकं असतील, तर तिथे बसणारा गाइड मिळतो.

क्लॅम्प घेताना नळीचा व्यास लागतो. कॅलिपर नसेल तर नळीभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजा. साधारण ९ सेमी भरला तर २८.६ मिमी, १० सेमी भरला तर ३१.८ मिमी आणि ११ सेमी भरला तर ३४.९ मिमी. अनेक स्वस्त क्लॅम्प ३४.९ मिमीचे असतात आणि लहान नळीसाठी सोबत रिंगा देतात. त्या पाकिटात आहेत का, हे ऑर्डर करण्याआधी वाचा.

स्वस्त गाइडमध्ये काय बघायचं?

• तुमच्या चेनरिंगचे दात त्याच्या मर्यादेत बसतात का? उदाहरणार्थ, २८ ते ३६ लिहिलं असेल आणि तुमची ३२ ची असेल तर चालेल. ओव्हल चेनरिंग असेल तर तिचा सर्वात उंच भाग धरून उंची ठेवा.
• गाइड आत-बाहेर सरकवता येतो का? प्रत्येक सायकलची चेनलाइन वेगळी असते. ही सोय नसेल तर स्वस्त गाइड महाग पडतो.
• फ्रेमला आवळला जाणारा भाग धातूचा आहे का? पिंजरा प्लास्टिकचा असला तरी चालतो, उलट आवाज कमी येतो.
• पिंजरा उघडता येतो का? नाहीतर साफ करायला दर वेळी चेन तोडावी लागेल.

बिनब्रँडचे क्लॅम्प गाइड ब्रँडेड गाइडच्या तुलनेत बरेच स्वस्त मिळतात. वरच्या चारही गोष्टी जुळत असतील तर ते घ्यायला हरकत नाही.

बसवताना

गाइड लावून सायकल उलटी करा किंवा स्टँडवर टांगा. मागचे सगळे गिअर एकेक करून टाका, विशेषतः सर्वात मोठी आणि सर्वात छोटी चकती. कुठल्याच गिअरमध्ये चेन घासता कामा नये. दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. कार्बन फ्रेमवर क्लॅम्प जोरात आवळू नका, कंपनीने सांगितलेलाच टॉर्क वापरा. पहिल्या राइडनंतर बोल्ट पुन्हा तपासा.

आणि जुगाड करू नका. न बसणारा तो पहिला गाइड मी केबल टायने बांधून पाहिला होता. दहाव्या मिनिटाला तो फिरला आणि चेन त्यात अडकून क्रँक जाम झाला. नशीब, तेव्हा सपाट रस्त्यावर होतो. पडलेली चेन निदान हाताने परत चढवता येते, अडकलेली चेन मागचा डिरेल्युअरही मोडू शकते.

शेवटी मी दोरा गुंडाळला, ११ सेमी भरला, ३४.९ मिमीचा साधा क्लॅम्प गाइड आणला. तो पहिल्यापेक्षाही स्वस्त होता. त्याच दगडी वाटेवरून आता दर रविवारी उतरतो आणि चेन जागेवर असते.