येसकराची भाकर आणि इतिहासाचा तास

प्रवेशाच्या दिवसांत एक ऊसतोड कामगार आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मुलीला बी.ए.ला इतिहास घ्यायचा होता. बाप म्हणाला, "सर, मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून हिचं पोट भरंल का?" मला पटकन उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकवतो, त्यावर माझे घर चालते. तरीही देता आले नाही.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी शाळा पाहिली नाही, त्याने शिक्षणाला भाकरीचा हिशोब विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? बाबासाहेबांनीही १९४२ नंतर मध्यवर्ती सरकारात असताना आपल्या मुलांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला होता. म्हणून इंजिनिअरिंगच्या विरोधात मला काही बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते भाकरीविषयीच.

माझे आजोबा गावचे येसकर होते. पाळीच्या वर्षी आजी संध्याकाळी घरोघर भाकर मागायला जायची. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. बी.ए.च्या वर्षी मी तिला त्या दिवसांबद्दल खोदून विचारले, तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "मागून खाल्लेलं हाय ते बाळा, कशाला उकरून काढतो?" तिच्या लेखी ती भीक होती आणि ती लाज तिची होती.

त्याच सुमारास मी वतनाचा इतिहास वाचत होतो. महारकी ही नुसती रूढी नव्हती. इंग्रजी अमदानीत १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळालेला होता. सरकारी सांगावा पोचवणे, साऱ्याचा पैसा तालुक्याला नेणे, साहेब आला की त्याच्या दिमतीला राहणे, गावची शीव दाखवणे ही महाराची कामे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. म्हणजे सगळ्या गावाची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे, त्याची वस्ती मात्र गावाच्या हद्दीबाहेर. कामाला वेळेचे बंधन नाही. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने हजर व्हायचे. मोबदला काय? वतनाचा जमिनीचा तुकडा, तोही पिढ्यांच्या वाटण्यांत फाटलेला, आणि रयतेकडून मिळणारे बलुते. राबवून घेणार सरकार आणि मजुरी द्यायची रयतेने, तीही तिच्या मर्जीने. रयत रुसली की बलुते बंद.

या वतनाचे गुलामी स्वरूप बाबासाहेबांनी नेमके उघडे केले. १९२७ साली सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारता'त त्यांनी यावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ज्याला गावकी सोडायची आहे त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी व मोकळे व्हावे. जे काम करतील त्यांची कामे ठरलेली असावीत आणि बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, असा त्याचा आशय होता. विरोध झाला. चिकित्सा समितीतून विधेयक बाहेर आले ते मूळ हेतू हरवून. शेवटी १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली, बहिष्कार सोसले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ साली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे विधेयक मांडणाऱ्या माणसाने १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता आणि १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लेख प्रसिद्ध केला होता. वतनाचा जाच गावागावांत माहीत होता. पण 'हे आमचे नशीब' आणि 'हा १८७४ चा कायदा' या दोन वाक्यांमध्ये केवढे अंतर आहे! पहिल्यापुढे माणूस हात जोडतो, दुसऱ्यात दुरुस्ती सुचवतो. हे अंतर इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांच्या अभ्यासाने तोडले. त्याआधीही, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीने 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तेव्हा हेच घडले होते. सोसण्याचे प्रश्नात रूपांतर झाले होते.

मी आजीला समजावले, "आजी, तू भीक नाही मागितलीस. आजोबा सरकारचं काम करत होते. ती भाकर त्यांची मजुरी होती. सरकारनं स्वतः दिली नाही, म्हणून तुला दारोदार फिरावं लागलं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी आमचंच आमी मागत व्हतो?" त्यानंतर मरेपर्यंत ती त्या दिवसांबद्दल मोकळेपणाने बोलली. कुणाच्या दारी शिळे मिळे, कोण वरून टाकी, सगळे नावानिशी सांगितले. पोट तिचे तेव्हाही अर्धेच भरले होते; ते आता भरून निघणार नव्हते. पण साठ वर्षे वाहिलेली लाज तिने खाली ठेवली.

माझ्या मते मानव्यविद्यांचे रोजच्या जगण्यातले काम हे आहे. लाज कुणाची आणि वाहतो कोण, देणे कुणाचे आणि हात पसरतो कोण, हे ओळखण्याची नजर त्या देतात. ही नजर इंजिनिअरलाही लागते, ऊसतोड्यालाही लागते. उचल घेऊन फडावर जाणाऱ्या माणसाला 'उचल' हा उपकार वाटतो, तेव्हा त्याला माझ्या आजीचीच भाकर दिसत असते.

दोष आमचाही आहे. आम्ही मास्तर लोक वर्गात नोट्स सांगतो, मुले उतरून घेतात, आणि ज्या गावात ती राहतात त्या गावचा इतिहास परीक्षेला नसतो म्हणून वर्गात येत नाही. मग सनावळ्याच उरतात आणि त्या बापाचा प्रश्न खरा ठरतो.

त्या मुलीने अखेर इतिहास घेतला. पहिल्याच महिन्यात मी तिला काम दिले आहे : आईबापांना किती उचल मिळाली, किती फिटली, किती राहिली, आणि हा हिशोब कुणाच्या वहीत कुणाच्या हाताने लिहिला, ते विचारून लिहून आण. वही अजून यायची आहे.